मनाची नोंद कोणाच्या वहीत?

मानसशास्त्रावर बोलायला कोणी उभा राहिला की श्रोत्यांची त्याच्याकडून एक अपेक्षा हल्ली ठरलेली असते. मोबाइलने मुलांचे वाटोळे केले, असे त्याने शास्त्राच्या नावाने एकदा सांगून टाकावे, म्हणजे घरी जाऊन नातवाला सुनावायला बरे! ही अपेक्षा आमच्याकडून पुरी व्हायची नाही. मोबाइलची वकिली करण्याचा आमचा विचार नाही. पण आमच्या शास्त्राला त्या पडद्याविषयी काय कळले आहे आणि ते कसे कळले, हे पाहिल्यावाचून निकाल देणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

प्रथम, सर्वांच्या तोंडी असलेल्या कबुतराविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने चोच मारली की दाणा मिळावा, पण तो दर खेपेस न मिळता कधी पाचव्या तर कधी पन्नासाव्या टोचीला मिळावा, अशी व्यवस्था केली, तर ते अधिक नेटाने टोचत राहते. पुढे दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. नदीवर गळ टाकून बसणाऱ्याला हे सांगायला ग्रंथ नको. पडद्यावर बोट ओढावे, कधी काहीच नसावे, कधी आपल्या छायाचित्राला कोणाची पसंती आलेली असावी. साम्य उघड आहे. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. परगावी असलेल्या मुलीच्या निरोपाची वाट पाहत फोन उघडणारी आई आणि दाण्यासाठी टोचणारे कबुतर यांना एकाच रांगेत बसवण्याची घाई आम्ही तरी करणार नाही.

मग पुरावा कुठून आणायचा? माणसांना विचारून, हा आमचा जुना मार्ग. तुम्ही रोज किती वेळ फोन पाहता आणि तुमचे मन कसे असते, अशी प्रश्नावली भरून घ्यायची. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या अशा उत्तरांची छाननी करून २०१९ साली निष्कर्ष मांडला, की मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातील फार तर ०.४ टक्के भागाचा संबंध या साधनांच्या वापराशी लावता येतो. चष्मा लावण्याचा मनःस्वास्थ्याशी असलेला उलटा संबंध त्याहून मोठा निघाला! यावरून मोबाइल निर्दोष ठरला असे मात्र कोणी समजू नये. २०२१ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा लोकांनी सांगितलेला वेळ आणि यंत्राने नोंदलेला वेळ यांचा मेळ बेताचाच असल्याचे दिसले. माणूस खोटे बोलतो असे नाही. त्याला ठाऊकच नसते. दहा-दहा सेकंदांनी शंभर वेळा उघडलेल्या वस्तूचा हिशेब कोण ठेवणार?

हिशेब यंत्र ठेवते. बोट कुठे थांबले, काय वाचले, काय टाळले, सारे त्याच्या वहीत आहे. पिढ्यान् पिढ्या आमचे शास्त्र ज्या नोंदीसाठी तळमळले ती अखेर तयार झाली, पण वही पडली परक्याच्या कपाटात. ही वही मालकाच्याच हाती राहिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आम्हांला फार बोधप्रद वाटते.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर इंग्रजी वापरणाऱ्या ६,८९,००३ माणसांवर एक प्रयोग केला. मित्रांनी लिहिलेल्या मजकुरापैकी आनंदाचे शब्द असलेला मजकूर काहींना कमी दाखवला, काहींना दुःखाचे शब्द असलेला. आणि मग ही माणसे स्वतः काय लिहितात ते मोजले. तीस लाखांहून अधिक मजकूर, सुमारे बारा कोटी शब्द! परिणाम केवढा? आनंदाचा मजकूर आटल्यावर आनंदाचे शब्द हजारात एखादाच कमी झाला. त्यातही मोजणी यंत्राची. ‘कसला डोंबलाचा आनंद!’ असे कोणी लिहिले, तर अशा मोजणीत तोही आनंदच! मनातील भाव आणि लेखणीतील शब्द एकच मानणारे हे मोजमाप आम्हांला कच्चे वाटते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा लेख छापून आला, तेव्हा कोठे जगाला प्रयोग कळला. त्या जवळपास सात लाखांत कोणाच्या घरी त्या आठवड्यात सुतक असेल, कोणी आधीच खचलेला असेल. त्याच्यासमोरून आनंदाची बातमी मुद्दाम दूर ठेवली होती, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. खाते उघडताना मान्य केलेल्या अटींत संमती आलीच, असे लेखकांचे म्हणणे. त्या अटी आपणांपैकी किती जण वाचतात? पुढच्याच महिन्यात नियतकालिकाच्या संपादकांनीही चिंता व्यक्त करणारे निवेदन छापले. प्रयोगाला बसणाऱ्याला आधी विचारावे आणि नको म्हणण्याची मुभा द्यावी, हा विद्यापीठांतील प्रयोगशाळांचा दंडक आहे. परिणाम लहान निघाला म्हणून न विचारणे क्षम्य ठरत नाही. तो लहान निघेल हे आधी कोणाला ठाऊक होते?

या गदारोळानंतर कंपन्यांनी प्रयोगच करू नयेत, असे काहींनी म्हटले. आम्हांला ते पटत नाही. पडद्यावर कोणता मजकूर वर यावा हे कोणी तरी रोज ठरवतेच. तोही प्रयोगच, फक्त लेख छापून येत नाही. मग ते बाहेरच्याला तपासता आले पाहिजे. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यात अशी तरतूद आहे, की पात्र ठरलेल्या संशोधकांना समाजावरील धोक्यांच्या अभ्यासासाठी फार मोठ्या कंपन्यांच्या नोंदी मागता येतात. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे, तो योग्यच. पण संशोधकाला त्या कपाटाची किल्ली मागण्याचा हक्क त्यात नाही. तोवर येथील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रश्नावलीच वाटावी लागणार, आणि फोन दिवसातून किती वेळा उघडता, या प्रश्नापुढे आम्ही-तुम्ही अंदाजाने ‘वीस’ लिहिणार.