तरंगतें घर आणि सामाईक खर्च

घर विकत घेणें ही एकदांची गोष्ट. घर चालविणें ही जन्माची गोष्ट. पहिलीचा हिशेब आपण दहा वेळां करतों, दुसरीचा एकदांहि करीत नाहीं. ज्या घराचे धनी अनेक, तेथें तर ही हयगय कलहास कारण होते. यास्तव सामाईक खर्चाची वांटणी कोणत्या न्यायानें करावी, याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम समुद्रावरील एका वसतीचें उदाहरण घेऊं. 'द वर्ल्ड' नांवाचें जहाज इ. स. २००२ मध्यें सागरयात्रेस निघालें. त्यावर १६५ घरें आहेत. पुढील वर्षीं त्या घरांच्या मालकांनींच एकत्र येऊन सबंध जहाज विकत घेतलें. तेव्हांपासून कोणत्या बंदरास जावें हें रहिवासी ठरवितात. आणि इंधन, खलाशांचे पगार, बंदरांचे कर, तळाची डागडुजी हा भारहि तेच उचलतात. ज्याचें घर मोठें त्याची वर्गणी मोठी. मालक वर्षांतून दोनच महिने जहाजावर राहिला तरी ती चुकत नाहीं; कारण तो नसला तरी जहाज तरंगत ठेवावेंच लागतें.

धनिकांच्या या कौतुकाशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या मनमाडांत हाच प्रश्न जमिनीवर उभा आहे. येथील अनेक कुटुंबांचें आयुष्य रेल्वेच्या वसाहतींत गेलें. छत गळलें तर अर्ज करावा, दुरुस्ती रेल्वेनें करावी, ही संवय. सेवानिवृत्तीनंतर इमारतींत घर घेतलें म्हणजे जिन्यांतील दिवा, पाण्याचा पंप व पहारेकरी यांचें बिल प्रथमच हातीं पडतें. त्यांतून पाण्याचें दुर्भिक्ष! कित्येक उन्हाळ्यांत येथें नळास पंधरा-पंधरा दिवसांनीं पाणी आलें. अशा वेळीं टँकरचे पैसे दोन माणसांच्या घरानें व आठ माणसांच्या घरानें सारखेच द्यावे काय?

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा विचार जुना आहे. मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं स्थापन झाली. अशा संस्थांसाठीं पुढें जे आदर्श उपविधि झाले, त्यांत खर्चाचे प्रकार वेगळे केलेले आढळतात. पहारा, सफाई, हिशेबनीस यांचा खर्च सर्व घरांवर सारखा. कारण पहारेकरी मोठ्या घराची राखण अधिक करीत नाहीं. पाण्याचा खर्च नळांची संख्या व आकार यांवरून. लिफ्टचा खर्च सर्वांवर सारखा. तळमजल्यावरील वृद्धांस तो जाचतो. पण गच्ची गळली असतां तिचा खर्च वरच्या मजल्यानेंच सोसावा, असें कोणी म्हणत नाहीं, हेंहि त्यांनीं ध्यानांत घ्यावें. उलट, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यांत प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणांत खर्च वांटण्याची रीत आहे. ती जहाजाच्या रीतीस जवळची. टँकरचा प्रश्न मात्र यांतून पुरता सुटत नाहीं. उपविधि नळ मोजतात, माणसें मोजीत नाहींत. तेवढा समजूतदारपणा सभेनेंच दाखवावा लागतो, आणि तो तहान लागण्यापूर्वीं दाखविलेला बरा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उद्यांचा खर्च. त्या उपविधींनीं बांधकामखर्चाच्या दरसाल किमान शेंकडा ०.७५ दुरुस्तीसाठीं व किमान शेंकडा ०.२५ निक्षेप निधीसाठीं, म्हणजे पुढील मोठ्या कामांच्या तरतुदीसाठीं, सांगितले. ज्या घराच्या बांधकामास २० लक्ष रुपये लागले, त्यास दुरुस्तीचे १५,००० व निधीचे ५,००० रुपये वर्षास पडतात. ही रक्कम आज जड वाटते. परंतु वीस वर्षांनीं खांबांतील लोखंड गंजलेलें आढळतें, तेव्हां एकाच महिन्यांत लाखांची मागणी येते, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याची झोंप उडते.

आमच्या वाचकांच्या घरीं हा विषय आणखी जवळचा आहे. वडिलोपार्जित वाडा हेंहि एक जहाजच. एक भाऊ पुण्यास, एक नागपुरास, एक वाड्यांत. विभागाचें सूक्ष्म विवेचन मिताक्षरेंत आहे. पण गळक्या कौलांचे पैसे भावांनींच काढावे लागतात. राहणारा म्हणतो, मालकी सर्वांची आहे. बाहेरचे म्हणतात, राहतोस तूं. दोघांचेंहि अर्धें खरें आहे. वाड्यांतील वीज व पाणी यांचा खर्च राहणाऱ्यानें द्यावा. कौलें, भिंती व कर यांचा खर्च हिश्श्याप्रमाणें सर्वांनीं द्यावा, मग कोणी दूर असो वा जवळ. असें ठरलें नाहीं म्हणजे काय होतें, हें गांवोगांवच्या पडक्या भिंती सांगत आहेत. ते वाडे पाऊस जोराचा झाला म्हणून पडले नाहींत. पहिलें कौल कोणीं बदलावें हें ठरलें नाहीं म्हणून पडले.

यंदा दिवाळीस भाऊ-भावजया एकत्र जमतील, तेव्हां फराळानंतर एक वही काढावी. असलेला खर्च, येणारा खर्च आणि प्रत्येकाचा वांटा तींत लिहावा. निधीचें खातें बँकेंत निराळें ठेवावें. आणि वही घरांतील स्त्रियांच्याहि नजरेखालीं असावी, कारण घराची गळती प्रथम त्यांसच दिसते. पैशाची गोष्ट काढली म्हणून प्रेम आटत नाहीं. न काढल्यामुळें आटलेलें मात्र पुष्कळदां पाहावयास मिळतें.