बाणाची खूण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जेजुरीहून मोटारसायकलवर पुण्याला परतत होतो. मागे पत्नी बसली होती. दिवे घाट उतरताना मागचा ब्रेक दाबला, तर पेडल थेट खाली गेले. गाडीचा वेग मात्र तसाच! गिअर कमी केला, पुढचा ब्रेक हळूहळू दाबत गाडी कशीबशी कडेला घेतली. अपघात टळला, पण पाय बराच वेळ लटपटत होते.

चूक माझीच होती. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्यांचे अस्तर झिजले की पेडल सैल लागते. मग चाकाजवळचा नट दोन फेरे आवळायचा, की ब्रेक पुन्हा लागतो. मी वर्षभर हेच करत होतो आणि गाडीची देखभाल घरीच करतो म्हणून मिरवत होतो. नट आवळून सैलपणा जातो, झीज जात नाही. ती दाखवायला बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दांडीवर बाण आणि ड्रमच्या झाकणावर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला, की शू बदलायचे. माझा बाण खूण ओलांडून गेला होता. मी कधी वाकून पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अर्धा तास गाडीला देतो. आधी बाण पाहतो. मग सेंटर स्टँडवर गाडी लावून चेन. चेनकव्हरला खालच्या बाजूला रबरी बूच असते. ते काढून बोटाने चेन वर-खाली करायची. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक हाताने फिरवून तीन-चार ठिकाणी तपासावे. इंजिन बंदच हवे. चालू चेनला फडके लावताना बोट स्प्रॉकेटमध्ये गेले, तर ते परत मिळत नाही.

चेन ताणायची असेल, तर मागचा एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरके बसते. चाक मागे सरकले, की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. म्हणून एक्सल नट पक्का आवळून झाल्यावर ब्रेक पुन्हा तपासायचाच. चाक मोकळे फिरते ना, हेही पाहायचे.

ऑईल पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. याबाबतही पुस्तिकेचेच ऐकावे. टायरमधली हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या चाकात जास्त हवा लागते.

सगळेच घरी करायचा हट्ट मात्र नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. स्क्रू ड्रायव्हरने ट्यूनिंग करायचे दिवस त्या गाड्यांपुरते संपले. डिस्क ब्रेकचे ऑईल बदलणे किंवा ब्रेक शू बसवणे सवयीच्या हातांनीच करावे. मीही शू गॅरेजमध्येच बदलून घेतो.

मग घरी करण्यात फायदा काय? चार पैसे वाचतात, पण ते दुय्यम. मेकॅनिककडे गाडी तीन-चार महिन्यांतून एकदा जाते. आपण तिच्यावर रोज बसतो. पाना हातात घेण्याआधी नुसते वाकून पाहिले, तरी निम्मे काम होते. या रविवारी एवढेच करा. मागच्या चाकाजवळ बसा, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि बाण कुठे थांबतो ते बघा.