भाव लिहून ठेवणारा कागद

लंडनच्या ‘स्पिंक’ या नाण्यांच्या पेढीने 1892 मध्ये गिऱ्हाइकांना ‘न्युमिस्मॅटिक सर्क्युलर’ नावाचं पत्रक पाठवायला सुरुवात केली. त्यात काही लेख असत आणि विक्रीला असलेल्या नाण्यांची लांबलचक यादी असे: क्रमांक, राजा, टाकसाळ, वर्ष, नाण्याची अवस्था आणि शेवटी किंमत. हे पत्रक शंभराहून अधिक वर्षं चाललं. युरोप-अमेरिकेतले कितीतरी व्यापारी अशा याद्या छापून टपालाने धाडत. संग्राहक त्यांना ‘फिक्स्ड प्राइस लिस्ट’ म्हणतात. इथे लिलावासारखी बोली नाही. छापलेली किंमत मोजायची आणि नाणं घ्यायचं.

इंटरनेट आल्यावर अशा याद्या झपाट्याने कमी झाल्या. पण त्या केवळ मालाच्या जाहिराती नव्हत्या. नाण्यांच्या बाजाराचा इतिहास त्यांत लिहिला गेला आहे, आणि म्हणून त्या जपायला हव्यात.

हा व्यवहार चालायचा शब्दावर. बहुतेक याद्यांमध्ये मोजकीच छायाचित्रं असत, कित्येकींत एकही नसे. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ या नाण्याच्या झिजेच्या पायऱ्या. एका व्यापाऱ्याचं ‘व्हेरी फाइन’ दुसऱ्याच्या लेखी ‘फाइन’ ठरू शके, म्हणून संग्राहक आधी पेढीचा हात ओळखायला शिके. नाणं पसंत पडलं नाही तर ठरलेल्या मुदतीत परत करण्याची सोय असे. ज्याची मागणी आधी पोचेल त्याला नाणं मिळे. म्हणून जाणती गिऱ्हाइकं पत्रात पहिल्या पसंतीखाली दुसरी, तिसरी पसंतीही लिहीत.

याच याद्यांमधून संदर्भग्रंथ घडले. लंडनच्याच ‘सीबी’ पेढीने 1929 मध्ये ब्रिटिश नाण्यांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग’ काढला. मुळात ती विक्रीची किंमतयादी होती. पुढे तिच्यातले क्रमांक साऱ्या बाजाराची भाषा झाले. सीबीनंतर हा ग्रंथ स्पिंककडे आला. आजही ब्रिटिश नाण्याच्या वर्णनात ‘एस’ अक्षर आणि त्यापुढे आकडा दिसतो, तो याच ग्रंथातला क्रमांक.

अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावच्या बी. मॅक्स मेलने टपालाचं बळ वेगळ्या तऱ्हेने वापरलं. 1913 सालचं ‘लिबर्टी हेड’ निकेल हे नाणं आणून देणाऱ्याला 50 डॉलर देऊ, अशी जाहिरात त्याने वर्षानुवर्षं केली. दुर्मीळ नाण्यांना आपण काय भाव देऊ हे सांगणारी त्याची पुस्तिका एक डॉलरला मिळे. त्या निकेलची जगात पाचच नाणी ज्ञात आहेत, त्यामुळे ते कुणाच्या खिशात सापडणं जवळजवळ अशक्य होतं. पण त्या जाहिरातींमुळे असंख्य सामान्य माणसं हातातली चिल्लर निरखून पाहू लागली आणि त्यातून नवे संग्राहक तयार झाले. त्या पाचांपैकी एक नाणं 2010 मध्ये 37 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं.

मग बाजार बदलला. 1986 मध्ये ‘पीसीजीएस’ ही कंपनी नाण्याची अवस्था तपासून, त्याला 70 पैकी गुण देऊन ते प्लास्टिकच्या बंद डबीत देऊ लागली. अवस्थेबाबत व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज त्यामुळे कमी झाली. 1995 मध्ये ‘ईबे’ हे विक्रीचं संकेतस्थळ सुरू झालं. नाण्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत छायाचित्रं क्षणात दिसू लागली आणि आडगावातला संग्राहकही महानगरातल्या संग्राहकाच्या बरोबरीला आला. हा मोठाच लाभ आहे. दुसरीकडे व्यापाऱ्यांना छपाई आणि टपालहशील परवडेना, यादी गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत त्यातली निवडक नाणी संकेतस्थळावर विकली गेलेली असत. त्यांनी कागद सोडला यात त्यांचा दोष नाही.

पण या बदलात एक गोष्ट हातची निसटते आहे. मोठ्या लिलावांचे निकाल इंटरनेटवर साठवले जातात. ठरावीक किमतीला विकलेल्या नाण्याचं पान मात्र बहुधा विक्रीनंतर काढून टाकलं जातं. किंमत बदलली तर जुना आकडा उरत नाही. छापील यादीत तो कायम राहतो. ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे, हे खरं. तरी तेच नाणं पुढच्या यादीत कमी भावाने दिसलं, तर पहिला भाव कुणी मान्य केला नाही हे कळतं. याद्या ओळीने लावल्या की कोणत्या काळात कशाला मागणी होती, हे उलगडू लागतं.

त्याहून मोलाचा मुद्दा मालकीच्या इतिहासाचा आहे. सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार 1970 मध्ये झाला. अमेरिकेने 2007 मध्ये सायप्रसच्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. आपल्याकडे 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. अशा वेळी हे नाणं बाजारात कधीपासून आहे, हा प्रश्न कळीचा ठरतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या ‘म्युन्झेन उंड मेडाईलेन’ पेढीच्या याद्यांसारख्या जुन्या सचित्र यादीत नेमकं तेच नाणं सापडलं, तर तो भक्कम पुरावा होतो. अलीकडे चोरून खणलेलं नाणं असा पुरावा देऊ शकत नाही.

हे ओळखून काही संस्थांनी काम हाती घेतलं आहे. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी’च्या ग्रंथालयात लिलावाच्या कॅटलॉगांबरोबर अशा याद्याही जपल्या आहेत. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ‘न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टल’वर जुने कॅटलॉग आणि याद्या स्कॅन करून सर्वांना विनामूल्य दिल्या जातात. ज्या इंटरनेटमुळे याद्या थांबल्या, त्याच्याच आधारे जुन्या याद्या आता जगभर वाचता येतात.

मात्र स्कॅन करायला आधी कागद उरला पाहिजे. संग्राहक गेल्यावर घरचे लोक नाणी सांभाळतात आणि याद्या रद्दीत देतात. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे. भारतीय व्यापाऱ्यांच्या याद्या आणि कॅटलॉग अशा संस्थांना विचारून त्यांच्याकडे सोपवता येतील. संकेतस्थळावर विक्री करणाऱ्यांनीही विकलेल्या नाण्याचं छायाचित्र, वजन, किंमत आणि तारीख काढून न टाकता कायम ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला आजचा बाजार समजायचा असेल, तर एवढी नोंद आपण ठेवलीच पाहिजे.