कागदकामात कात्री की चाकू?

कागदाच्या प्रतिकृती करविताना हत्याराची निवड कापावयाच्या रेषेवरून करावी. आकाशकंदिलाच्या पातळ कागदाच्या पाकळ्या व झिरमिळ्या यांस कात्रीच योग्य. वळणावर कात्री स्थिर धरून कागद फिरवावा. परंतु पुठ्ठ्याच्या घराची खिडकी कात्रीने कापू गेल्यास कडेपासून भिंतच चिरावी लागते. तेथे चाकूच हवा. खाली जाड पुठ्ठा व रेषेलगत पोलादी पट्टी ठेवावी आणि एकदाच जोर न लावता हलक्या हाताने तीनचार वेळा पाते ओढावे. लाकडी पट्टी नको. पाते तीत शिरून बोटावर येते. बोथट पाते निरुपद्रवी, हा समज तर घातकच. त्यास जोर अधिक लागतो व ते निसटते. खालच्या वर्गांकरिता खिडक्या शिक्षकांनीच आधी कापून ठेवाव्यात.