बशीभर दूध आणि हेजहॉगचा हिवाळा

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात परसदारच्या दिव्याखाली एक काटेरी गोळा तुरुतुरु चालताना दिसला आणि मी धावत आत जाऊन बशीभर दूध घेऊन आले. दारी आलेल्या मुक्या जिवापुढे दूध ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं बशी चाटूनपुसून साफ केली, तेव्हा मला केवढं समाधान वाटलं होतं! दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की पुन्हा दूध ठेवू नका.

हेजहॉगला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. दूध तो आवडीनं पितो आणि मग त्याला जुलाब होतात. एरवी एखादे वेळी निभावेलही, पण थंडीच्या तोंडावर अंगातलं पाणी आणि वजन असं वाहून जाणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. पूर्वी इथल्या घरांतही दुधात पाव कुस्करून ठेवायची पद्धत होती, म्हणजे ही चूक काही आपलीच नव्हे. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवू नका, असं आपल्याकडचे सर्पमित्र वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. इथेही तसंच आहे. आपल्या मायेची वस्तू त्या प्राण्याच्या पोटासाठी घडलेली नसते. ठेवायचंच असेल तर मांजराचं किंवा कुत्र्याचं मांसयुक्त खाणं आणि उथळ भांड्यात साधं पाणी ठेवावं. वाळवलेल्या मीलवर्म अळ्या दुकानात मिळतात आणि हेजहॉग त्यांवर तुटून पडतो, पण त्याही टाळाव्यात. त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असल्यानं सतत त्याच खाल्ल्या तर हाडं ठिसूळ होतात.

‘अगं, हे तर साळिंदर!’

फोटो गावी पाठवला की हमखास हाच निरोप येतो. साळिंदर वेगळं. ते उंदराच्या गणातलं, कुरतडणारं, कंदमुळं उकरून खाणारं जनावर. त्याचे काटे लांबलचक असतात आणि सहज गळून पडतात. हेजहॉगला मराठीत जाहक म्हणतात. हा शब्द कोशात आहे, तोंडात नाही, म्हणून मीही इथे हेजहॉगच म्हणते. तो नात्यानं आपल्या चिचुंद्रीच्या जवळचा. त्याच्या अंगावर पाच हजारांहून जास्त आखूड काटे असतात आणि ते असे सुटत नाहीत. भारतातही हेजहॉग आहेत, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात आणि खाली तमिळनाडूत. पण बर्फ पडणाऱ्या हिवाळ्याशी गाठ आहे ती या युरोपीय भावंडाची.

नात्याचा हा घोळ निस्तरायला हवा, कारण खाणं त्यावर ठरतं. काट्यांवर सफरचंदं टोचून घरी नेणारा हेजहॉग युरोपातल्या जुन्या चित्रांत दिसतो. खरा हेजहॉग असं काही करत नाही. त्याचं पोट भुंगेरे, सुरवंट, गांडुळं यांच्यावर भरतं. थंडी पडली की हे सगळं मिळेनासं होतं आणि इथेच त्याच्या हिवाळ्याची गोष्ट सुरू होते.

‘तो नुसता झोपतो, वसंतात उठतो’

शीतनिद्रा हा शब्दच थोडा फसवतो, कारण ही झोप नव्हे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात हेजहॉग आपलं शरीर जवळजवळ विझवून ठेवतो. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ते १० अंश किंवा त्याहूनही खाली उतरतं. हृदयाचे ठोके मिनिटाला १९० च्या घरातून २० च्या आसपास येतात. श्वास इतके विरळ होतात, की पाहणाऱ्याला तो मेलाच वाटावा. गारठलेला, कडक झालेला गोळा सापडला म्हणून लोकांनी पुरून टाकलेले हेजहॉग कधी कधी जिवंत असतात, या विचारानं माझ्या पोटात अजूनही कालवतं.

या सगळ्याला इंधन एकच, शरदात साठवलेली चरबी. ती दोन प्रकारची असते. पांढरी चरबी चुलीतल्या निखाऱ्यासारखी मंद जळत राहते. तपकिरी चरबी राखीव असते, जागं होताना अंग झपाट्यानं तापवण्यासाठी. आणि जागं तर त्याला व्हावंच लागतं. हिवाळ्यात तो मधूनमधून उठतो, कधी घरटं बदलतो, पुन्हा निजतो. त्यामुळे जानेवारीच्या एखाद्या उबदार रात्री तो फिरताना दिसला तर लगेच घाबरून जायचं कारण नाही. मात्र दर वेळी उठताना ही शिल्लक झरझर खर्च होते. आपण कुतूहलानं घरटं उचकटलं, कंपोस्टच्या ढिगात दाताळं खुपसलं, तर त्याच्या हिशेबात नसलेला खर्च आपण त्याच्या माथी मारतो. वसंतापर्यंत त्याचं वजन जवळपास एक तृतीयांश घटलेलं असतं. त्याच्याकडे उधळायला काहीच नसतं.

‘खाऊ घातलं तर तो झोपणारच नाही’

खाणं ठेवल्यानं शीतनिद्रा टळत नाही. उलट शरदात मिळालेला प्रत्येक घास चरबीत जमा होतो. ताटली रिकामी होत असेल तोवर ठेवत राहावं. मध्येच जाग आलेल्याला चार घास मिळाले तर तेही कामी येतात. पाण्यावर बर्फाची पापडी धरली असेल तर सकाळी ती फोडून पाणी बदलावं.

खरा प्रश्न उशिरा जन्मलेल्या पिल्लांचा असतो. सप्टेंबरात झालेल्या पिल्लांना चरबी साठवायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. हिवाळा तरून जायला साधारण ४५० ग्रॅम तरी वजन हवं, असं इथले जाणकार मानतात. त्याहून बरंच हलकं पिल्लू कडाक्याच्या थंडीत भटकताना दिसलं तर जवळच्या हेजहॉग बचाव केंद्राला फोन करावा. ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटी ही १९८२ पासून काम करणारी संस्था अशा वेळी मार्गदर्शन करते. धडधाकट हेजहॉगला मात्र दया येऊन घरात आणू नये. त्याचा हिवाळा त्याला बाहेरच काढू द्यावा.

भर दिवसा उन्हात पसरलेला हेजहॉग पाहून ‘बघा, कसा ऊन खातोय’ असं म्हणतात. तो ऊन खात नसतो. बहुतेक वेळा त्याचं अंग गार पडलेलं असतं आणि त्याला तातडीनं मदत हवी असते. जाड हातमोजे घालून त्याला उंच कडांच्या खोक्यात ठेवावं, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खाली द्यावी, खोकं शांत जागी ठेवून फोन करावा. आधी ऊब, खाणं नंतर. उन्हाळ्यात घरट्यासाठी पानं गोळा करणारी आई दिवसा धावपळीत दिसते, ती मात्र ठणठणीत असते.

त्याच्या पिसवांची भीतीही अशीच. हेजहॉगवरची पिसू त्याच्याच अंगावर टिकणारी असते, आपल्या कुत्र्यामांजरांवर ती वस्ती करत नाही. पाळीव प्राण्यांचं पिसूंचं औषध त्याच्यावर फवारलं तर तोच दगावू शकतो.

‘बाग कशी आरशासारखी हवी’

रोज अंगण झाडायची सवय अंगात मुरलेल्या मला हे सगळ्यात जड गेलं. हेजहॉगचं हिवाळी घरटं म्हणजे थरावर थर दाबून रचलेली रुंद पानं. ही भिंत २० सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते आणि ऊन, पाऊस, बर्फ सगळं अडवते. पानं झाडून पोत्यात भरून पाठवली तर त्यानं भिंत कशाची रचायची? कोपऱ्यात पानांचा ढीग, काटेरी जाळी, ओंडक्यांची रास तशीच राहू द्यावी. गोगलगायींचं विषही नको. त्यातलं मेटाल्डिहाइड ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंद आहे, तरी जुन्या शेडमध्ये एखादा डबा पडलेला असू शकतो.

आणि ५ नोव्हेंबर. १६०५ मध्ये गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंट उडवण्याचा कट रचला होता, तो फसल्याच्या आठवणीत या रात्री गावोगाव शेकोट्या पेटतात. आपली दिवाळीही बहुधा त्याच सुमारास येते, त्यामुळे इथल्या मराठी घरांतही धामधूम असते. होळीसारखी लाकडं आधीपासून रचून ठेवली जातात आणि हिवाळ्यासाठी घर शोधणाऱ्या हेजहॉगला आयतं घर सापडतं. म्हणून शेकोटी त्याच दिवशी रचावी. आधी रचली असेल तर पेटवण्यापूर्वी सगळी उपसून दुसऱ्या जागी रचावी, विजेरीनं नीट पाहावं आणि एकाच बाजूनं पेटवावी, म्हणजे कुणी राहिलंच असेल तर त्याला पळायला वाट असते.

‘आमच्या बागेत आहे, म्हणजे आमचा आहे’

एका रात्रीत तो एक-दोन किलोमीटर चालतो; एका घराची बाग त्याला पुरत नाही. ग्रामीण ब्रिटनमधली त्याची संख्या २००० नंतर काही भागांत ३०, तर काही भागांत ७५ टक्क्यांपर्यंत घटल्याचं २०२२ च्या अहवालात आलं, आणि २०२० मध्ये तिथल्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत तो धोक्याच्या गटात गेला. शहरांतल्या बागांमधलं चित्र त्यामानानं बरं आहे, म्हणून आपल्या कुंपणांना महत्त्व आहे. कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांब-रुंद भोक त्याला पुरतं. आमच्या लाकडी कुंपणाला तसं भोक पाडायचं होतं, तर अर्धं कुंपण शेजारच्या बाईंचं. मी विचारायला गेले, तर करवत घेऊन त्याच बाहेर आल्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्या भोकातून एक रोडावलेला हेजहॉग आला, खाण्याच्या ताटलीला वळसा घालून थेट पाण्याच्या भांड्याकडे गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.