मूलभूत विज्ञानातील मापन व एकक-रूपांतर : लातूर-नांदेडच्या पाण्याच्या हिशेबाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

कोणतीही भौतिक राशी संख्या आणि एकक या दोन घटकांनी पूर्ण होते. एकक गळले की संख्येला अर्थ उरत नाही. तथापि पदवीच्या प्रथम वर्षातील अनेक विद्यार्थी एकक ही उत्तराच्या शेवटी जोडावयाची औपचारिक बाब मानतात आणि रूपांतर म्हणजे दशांश चिन्ह सरकविणे असे समजतात. लांबीच्या बाबतीत ही समजूत निभावून जाते. क्षेत्रफळ व घनफळ यांच्या बाबतीत ती फसते. हा दोष परिसरातील उदाहरणांच्या साहाय्याने कसा दूर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

भारतात दशमान मापनाचा कायदा १९५६ साली झाला. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. पुढे बाजारातील शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आणि लिटर रुळले. जमीन व पाणी यांच्या व्यवहारात मात्र दोन्ही पद्धती नांदत राहिल्या. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात एकर-गुंठे. धरणाचा साठा कधी दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी), कधी टीएमसीमध्ये म्हणजे अब्ज घनफुटांत सांगितला जातो. विसर्ग क्युसेकमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. येथील विद्यार्थी या सर्व एककांच्या सान्निध्यात वाढतो, परंतु त्यांतील परस्परसंबंध त्याला क्वचितच समजावून दिला जातो.

मितीचा नियम

१ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. क्षेत्रफळासाठी या गुणकाचा वर्ग, तर घनफळासाठी घन घ्यावा लागतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १,०८९ चौरस फूट, ०.३०४८ च्या वर्गाने गुणल्यास १०१.१७ चौरस मीटर मिळतात. आर मात्र १०० चौरस मीटरचा असतो. म्हणून गुंठा आणि आर जवळचे असले, तरी एक नव्हेत. ४० गुंठ्यांचा एकर ४०.४७ आर भरतो.

हाच नियम घनफळाला लावल्यास १ घनफूट म्हणजे ०.०२८३१७ घनमीटर, म्हणून १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी होते. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर असले, तरी १ घनमीटर म्हणजे १०० नव्हे, तर १० लाख घनसेंटीमीटर, अर्थात १,००० लिटर होय. विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक येथेच होते.

लातूर : साठ्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. या पाण्याचे रूपांतर एकके सोबत लिहून करावे :

२५,००,००० लिटर × (१ घनमीटर ÷ १,००० लिटर) = २,५०० घनमीटर

वर-खाली आलेला 'लिटर' छेदला जातो व 'घनमीटर' उरतो. गुणक उलटा धरल्यास 'लिटर' छेदला जात नाही आणि चूक आपोआप उघडी पडते. १ दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर; म्हणून १ दलघमीसाठी अशा ४०० खेपा लागतील. लातूरला पाणी पुरविणाऱ्या मांजरा प्रकल्पाची एकूण साठवण क्षमता सुमारे २२४ दलघमी, म्हणजे ७.९ टीएमसी आहे. तेवढ्या पाण्यासाठी ८९,६०० खेपा, म्हणजे रोज एक खेप धरली तरी सुमारे २४५ वर्षे लागतील.

यावरून रेल्वे निरुपयोगी होती, असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख होती. एका खेपेतून माणशी साडेसहा लिटर, म्हणजे पिण्यापुरते पाणी मिळते. परंतु हेच २,५०० घनमीटर पाणी एक हेक्टर शेतावर पसरल्यास त्याची उंची केवळ २५० मिलिमीटर भरते. तहान भागविणारी राशी आणि शेती भिजविणारी राशी यांतील अंतर असे एककांतूनच दिसते.

नांदेड : प्रवाहाचा हिशेब

गोदावरीवरील विष्णुपुरी बंधाऱ्यातून होणारा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला घनफुटांत सांगितला जातो. साठा आणि विसर्ग या भिन्न राशी असून त्यांना जोडणारा दुवा काळ हा आहे. विसर्ग १ लाख क्युसेक असल्यास दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८.६४ अब्ज घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी अथवा सुमारे २४५ दलघमी पाणी वाहून जाते. मांजरा प्रकल्पाच्या एकूण क्षमतेहून हे अधिक आहे. पूर आणि टंचाई यांची तुलना एका एककात आल्यावरच शक्य होते.

निष्कर्ष

एकक-रूपांतर ही पाठांतराची बाब नसून राशीची मिती ओळखण्याची प्रक्रिया आहे. प्रत्येक पायरीवर एकक लिहिणे, गुणकाचा वर्ग वा घन मितीनुसार घेणे आणि आलेले उत्तर परिचित राशीशी ताडून पाहणे, ही त्रिसूत्री अध्यापनात अवलंबावी. त्यासाठी स्वतंत्र साधनसामग्रीची आवश्यकता नाही. पावसाळ्यातील वर्तमानपत्रात येणारे धरणसाठ्याचे कोष्टक पुरेसे आहे. ते वाचता येणारा विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवीलच, शिवाय आपल्या वाट्याच्या पाण्याचा हिशेबही मागू शकेल.