बँकेतील डिजिटल उत्पादन विश्लेषक

बँकांच्या भ्रमणध्वनीवरील सेवांमागे अभियंत्यांखेरीज आणखी एक कर्मचारी असतो. त्यास डिजिटल उत्पादन विश्लेषक म्हणतात. 'उत्पादन' म्हणताच कारखाना डोळ्यांपुढे येतो; येथे मात्र त्याचा अर्थ पैसे पाठविण्याची वा खाते उघडण्याची सोय एवढाच होय.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय सेवेचेच उदाहरण घ्यावे. तीतील अयशस्वी व्यवहार दोन प्रकारचे मानतात. पिन चुकला वा शिल्लक अपुरी पडली, तर तो व्यावसायिक नकार. बँकेची संगणकयंत्रणा थांबली, तर तांत्रिक नकार. पहिल्याचा दोष ग्राहकाच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह पडतो. विश्लेषकाचे खरे काम तेथेच सुरू होते. एकाच टप्प्यावर अनेकजण चुकत असतील, तर सूचना दुर्बोध आहे काय, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन यांत गल्लत होते काय, हे नोंदींवरून तपासून तो दुरुस्ती सुचवितो.

एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही पोचली नाही, तर ती पुढील दिवसापर्यंत परत जमा करावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ठरविले. ही भरपाई तक्रारीची वाट न पाहता द्यावयाची असल्याने अशा अडकलेल्या व्यवहारांस विश्लेषकाच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना हवाच.